'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' आज पुन्हा बघताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर डिसेंबरात आमच्या घरी तीन शनिवार या तीन चित्रपटांसाठी राखलेले असतात. येणाऱ्यांत माझ्यासारखे कॉलेजात असताना हे चित्रपट पाहिलेले लोक असतात, त्यांची मुलं असतात, आणि "तुम्ही दरवर्षी तेच तेच काय बघता?" म्हणत येऊन बसणारेही असतात. प्रश्न साधारण तेच पुन्हा निघतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली. गोष्ट थोडक्यात अशी: दुष्ट सॉरनची अंगठी ज्वालामुखीत टाकून नष्ट करायला फ्रोडो हा हॉबिट, म्हणजे ठेंगण्या लोकांपैकी एक, आपला माळी सॅम आणि आणखी सात जणांसह निघतो. पुढे ती शेवटापर्यंत उघड केलेली आहे. पहिल्यांदाच बघणार असाल, तर आवृत्तीबद्दलचा प्रश्न तेवढा वाचा आणि चित्रपट बघून परत या.

थोडक्यात सांगा, आज बघवतात का?

बघवतात, आणि जीव लावून बघवतात. पहिला भाग जवळजवळ निर्दोष आहे. दुसरा मध्येच रेंगाळतो. तिसऱ्यात काही गोष्टी खटकतात, पण सगळ्यात जास्त रडवतोही तोच.

फक्त विसाव्या वर्षी जे आवडलं होतं, तेच चाळिशीतही आवडेल असं धरून बसू नका. तेव्हा मला दुसऱ्या भागातली हेल्म्स डीप किल्ल्याची लढाई घाव-न्-घाव पाठ होती. आता लढाई सुरू झाली की मी खुशाल चहा टाकायला उठते. निरोपाचे प्रसंग आले की मात्र जागची हलत नाही. हे चित्रपट दमलेल्या माणसांबद्दल आहेत, हे विसाव्या वर्षी कळायला मी दमलेलीच नव्हते.

नेमके कोणते चित्रपट?

'द फेलोशिप ऑफ द रिंग' (२००१), 'द टू टॉवर्स' (२००२) आणि 'द रिटर्न ऑफ द किंग' (२००३). दिग्दर्शक पीटर जॅक्सन. पटकथा त्यांची, फ्रॅन वॉल्श आणि फिलिपा बॉयेन्स यांची, दुसऱ्या भागात स्टीफन सिंक्लेअर यांचीही. मूळ कादंबरी जे. आर. आर. टॉल्किन यांची, १९५४-५५ मध्ये आलेली. तिन्ही भाग न्यूझीलंडमध्ये एकाच दमात चित्रित झाले: ऑक्टोबर १९९९ ते डिसेंबर २०००, मुख्य चित्रीकरणाचे २७४ दिवस. नंतर दरवर्षी नट परत बोलावून थोडंथोडं चित्रीकरण होत राहिलं. पहिल्या भागाला चार ऑस्कर, दुसऱ्याला दोन आणि तिसऱ्याला अकरा नामांकनांपैकी अकराच्या अकरा.

एका दमात चित्रित केल्याचा फायदा पुन्हा बघताना फार जाणवतो. तिन्ही भागांत माणसं तीच, हात तेच, हवा तीच. पहिला भाग गाजला म्हणून दुसऱ्याचा सूर बदलला, असं कुठेच झालेलं नाही.

थिएटरची आवृत्ती बघू की विस्तारित?

पहिल्यांदा बघत असाल तर थिएटरची. तीसुद्धा काही लहान नाही: १७८, १७९ आणि २०१ मिनिटं, म्हणजे नऊ तासांच्या वर.

पुन्हा बघत असाल तर विस्तारित. तिन्ही मिळून साधारण साडेअकरा तास होतात. पहिल्या भागात अर्ध्या तासाची भर आहे आणि ती जवळजवळ सगळी गोड आहे: शायर या आपल्या मुलखात राहणाऱ्या हॉबिट लोकांची ओळख, लोथलोरियनच्या वनातून निघताना तिथली राणी गॅलाड्रिएल प्रत्येकाला देते त्या भेटी. दुसऱ्या भागाची विस्तारित आवृत्ती तर मी आवश्यकच मानते. नऊ जणांतला बोरोमीर, त्याचा धाकटा भाऊ फारामीर आणि त्यांचा बाप डेनेथॉर यांचा ओस्गिलिअथ शहरातला जुना प्रसंग फक्त तिथेच आहे. दोन भाऊ विजयाचा पेला उचलतात, हसतात, आणि तेवढ्यात बाप येतो. थोरल्याचं कौतुक, धाकट्याला टोमणे. तो प्रसंग पाहिला नसेल तर फारामीर पुढे असा का वागतो हे अर्धंच कळतं.

तिसऱ्या भागाबद्दल माझं मत विभागलेलं आहे. सारुमान या दगाबाज जादूगाराचा शेवट विस्तारित आवृत्तीतच आहे. थिएटरच्या आवृत्तीत तो साकारणाऱ्या क्रिस्टोफर ली यांचं दर्शनच नाही, हे त्या थोर नटाच्या फार जिव्हारी लागलं होतं. रोहानच्या राजाची जखमी भाची एओविन आणि फारामीर एकमेकांना भेटतात तो भागही तिथलाच, आणि तो हवाच. पण मृतांच्या गुहेतला कवट्यांचा लोंढा आणि सॉरनचा सेनापती विच-किंग याने चांगल्या बाजूच्या जादूगाराची, गँडाल्फची काठी मोडणं, या दोन गोष्टी कापल्या होत्या तेच बरं होतं.

इतक्या जुन्या स्पेशल इफेक्ट्समध्ये आज बघण्यासारखं काय आहे?

भरपूर. हा प्रश्न विचारणाऱ्याला मी पहिल्या भागातला बॅग एंडचा प्रसंग दाखवते. गँडाल्फ बिल्बो या म्हाताऱ्या हॉबिटच्या घरात शिरतो. छताला टांगलेल्या दिव्याला डोकं लागतं, तो दिवा हाताने सावरतो आणि वळतो तर कपाळ तुळईवर आपटतं. आता टेबल बघा. उंच म्हातारा आणि ठेंगणा हॉबिट समोरासमोर बसलेत असं आपल्याला दिसतं. खरं तर टेबलाचे दोन तुकडे आहेत, एक कॅमेऱ्याजवळ आणि एक लांब, आणि त्यांची मापं वेगवेगळी आहेत. दोन नट एकमेकांकडे बघतसुद्धा नाहीत, नुसता तसा भास होतो. ही दृष्टिभ्रमाची युक्ती सिनेमात जुनीच, पण कॅमेरा हलला की ती उघडी पडते. या लोकांनी कॅमेरा हलेल त्या हिशेबाने नटाचा चौथराच सरकवला. घरही दोन मापांचं बांधलं: एक हॉबिटच्या अंगाचं, एक गँडाल्फला ठेंगणं पडेल असं. मला हे सगळं ठाऊक आहे, तरी दरवेळी माझे डोळे फसतात.

दुसरी गोष्ट प्रतिकृतींची. मिनास तिरिथ, हेल्म्स डीप, रिव्हेंडेल ही ठिकाणं आधी हातांनी घडवली गेली. मिनास तिरिथची प्रतिकृती १:७२ मापाची असूनही माणसाच्या कितीतरी वर जाणारी होती. दगड दगडासारखा दिसतो, कारण तिथे खरंच कोणीतरी रंगवलेला, डागाळलेला, खरवडलेला पृष्ठभाग आहे आणि त्यावर खरा उजेड पडलेला आहे. चिलखतांच्या कड्या प्लास्टिकच्या पाइपाचे बारीक काप करून एकेक हाताने ओवल्या होत्या. ॲलन ली आणि जॉन हाउ हे दोघे आयुष्यभर टॉल्किनच्या जगाची चित्रं काढत आलेले चित्रकार. त्यांना तिकडे बोलावून घेतलं आणि दाराच्या कडीपर्यंत सगळं त्यांच्या नजरेखालून गेलं.

आणि गॉलम, अंगठीच्या हव्यासाने विद्रूप झालेला जीव. दुसऱ्या भागात रात्री फ्रोडो आणि सॅम झोपलेले असताना गॉलम स्वतःशीच भांडतो, ते पुन्हा बघा. आधी कॅमेरा एकाच चेहऱ्याभोवती सरकतो: इकडून बघितलं की खुनशी गॉलम, तिकडून बघितलं की भेदरलेला स्मीगल, म्हणजे पूर्वीचा तोच. मग मध्येच काप पडतात आणि समोरासमोर दोन माणसं बसलेली दिसायला लागतात. तंत्र इतकं साधं आहे की रंगमंचावरही करता येईल. अँडी सर्किस यांनी हे पात्र सेटवर इतर नटांसोबत अंगाने साकारलं, आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघून ॲनिमेटरांनी गॉलमचा चेहरा हाताने, चौकटीमागून चौकट करत हलवला. कातडी आज थोडी मेणासारखी वाटते. ते डोळे मात्र आजही जिवंत माणसाचेच वाटतात.

मग काहीच जुनं वाटत नाही?

वाटतं ना. ट्रीबीअर्ड या चालत्या-बोलत्या झाडाच्या खांद्यावर बसलेले मेरी आणि पिपिन हे दोन हॉबिट सरळसरळ चिकटवलेले दिसतात. दुसऱ्या भागातले लांडग्यांसारखे वॉर्ग तेव्हाही पटले नव्हते. नऊ जणांतला धनुर्धर लेगोलास ढालीवर उभा राहून पायऱ्यांवरून घसरतो आणि तिसऱ्या भागात एकटाच हत्ती लोळवतो, तेव्हा थिएटरात शिट्ट्या पडल्या होत्या. आता ते बघताना कोणीतरी भर मैफलीत मोबाइल वाजवल्यासारखं होतं.

सगळ्यात मोठी तक्रार हिरव्या भुतांच्या सैन्याची. मिनास तिरिथ शहरासमोर पेलेनॉरच्या मैदानावर एवढी माणसं मरतात, रोहानचा राजा पडतो, आणि मग भुतं येऊन चुटकीसरशी मैदान साफ करतात. पुस्तकात ही भुतं मिनास तिरिथपर्यंत येतच नाहीत. दक्षिणेकडे शत्रूची जहाजं मोकळी करून तिथेच सुटतात, आणि लढायला येतात ती जिवंत माणसं. जॅक्सन यांनी इथे सोपी वाट धरली आणि त्याची किंमत त्या मेलेल्या घोडेस्वारांनी मोजली.

हेल्म्स डीपच्या लढाईत क्रिकेटचे प्रेक्षक आहेत, हे खरं का?

खरं आहे. फेब्रुवारी २००२ मध्ये वेलिंग्टनला न्यूझीलंड आणि इंग्लंड यांचा एकदिवसीय सामना होता. डावांच्या मधल्या वेळेत जॅक्सन मैदानात उतरले आणि सुमारे २५ हजार प्रेक्षकांकडून सारुमानच्या उरुक-हाई सैनिकांच्या आरोळ्या म्हणवून घेतल्या. छातीवर मुठी आपटणं, पाय आपटणं, सगळं. आमच्याकडे हे सांगितलं की मुलं लढाईचा तेवढा भाग मागे नेऊन पुन्हा ऐकतात.

पुन्हा बघण्यात सगळ्यात जास्त काय बदलतं?

माझ्यापुरतं उत्तर: बोरोमीर.

पहिल्यांदा बघताना तो आपल्याला नको असतो. हा माणूस दगा देणार हे दिसत असतं, आणि आपण वाट बघत असतो. पण शेवट माहीत असताना पुन्हा बघा. डोंगरात विश्रांतीला थांबलेले असताना मेरी आणि पिपिनला तलवार शिकवणारा तोच असतो. पोरांना लागलं म्हणून लगेच जवळ जातो, पोरं अंगावर पडून त्याला खाली पाडतात आणि तो मनापासून हसतो. पुढे कराध्रास डोंगराच्या बर्फात फ्रोडो घसरतो, अंगठी गळ्यातून सुटून बर्फात पडते आणि बोरोमीर ती साखळीने उचलतो. शॉन बीन यांचा चेहरा तेव्हा बघा. एवढ्याशा वस्तूपायी आपण एवढं भय का सोसायचं, असं काहीतरी तो जवळजवळ स्वतःशीच बोलतो. मागे सोबतच्या अ‍ॅरागॉर्नचा हात तलवारीच्या मुठीवर गेलेला असतो. मग बोरोमीर अंगठी परत देतो, हसून फ्रोडोचे केस विस्कटतो आणि चालायला लागतो. त्या हसण्यातली ओढाताण पहिल्या वेळी मला दिसलीच नव्हती.

सगळ्या नऊ जणांत त्याच्याच घरी आग लागलेली आहे. बाकीचे जग वाचवायला निघालेत, त्याला आपलं शहर वाचवायचंय. बाप घरी वाट बघतोय. म्हणून तो मोडतो, आणि मोडल्यावर ज्या दोघांना तलवार शिकवली त्यांच्यासाठीच बाणांनी चाळण होईपर्यंत उभा राहतो. पुस्तकात त्याचं मरण दुसऱ्या खंडाच्या सुरुवातीला, तेही मोजक्या ओळींत येतं. चित्रपटाने ते पहिल्या भागाच्या शेवटी आणलं, आणि तो निर्णय पुस्तकापेक्षा सरस आहे असं मी पुस्तकाची भक्त असूनही म्हणेन.

फ्रोडो नुसता रडत असतो. खरा नायक सॅमच ना?

हा प्रश्न दरवर्षी येतो आणि दरवर्षी मला थोडं लागतो.

सॅमचं मोठेपण कोण नाकारेल? पहिल्या महायुद्धात टॉल्किन १९१६ मध्ये सोमच्या लढाईत होते. अधिकाऱ्यांच्या दिमतीला असणारे साधे शिपाई त्यांनी जवळून पाहिले, आणि सॅम त्या शिपायांवरून बेतला आहे हे त्यांनी स्वतः पत्रात लिहून ठेवलंय. सॅमचं ते सतत "मिस्टर फ्रोडो" म्हणणं आज खटकतं खरं. माळी आणि मालक यांच्यातली पायरी त्यात आहे आणि चित्रपटाने ती पुसलेली नाही.

पण फ्रोडोला रडका म्हणणाऱ्यांनी एवढं बघावं. त्याच्या गळ्यात जे आहे ते त्याला आतून खातंय, आणि ते दुसऱ्याला दिसत नाही. असा माणूस आपल्या ओळखीत नसतो का? बाहेरून धडधाकट, जेवण उतरत नाही, झोप लागत नाही, जवळच्यावर खेकसतो, मग वाईट वाटून गप्प होतो. आपण त्याला "जरा धीर धर" म्हणतो. सॅम असं म्हणत नाही. ओझं घेता येत नसेल तर ओझं वाहणाऱ्यालाच उचलतो.

आणि शेवटी फ्रोडो हरतो. ज्वालामुखीच्या कड्यावर तो अंगठी टाकत नाही. ती नष्ट होते ती गॉलममुळे, आणि गॉलम तोवर जिवंत असतो, कारण आधी बिल्बोला आणि मग फ्रोडोला त्याची दया आलेली असते. पहिल्या भागात मोरियाच्या खाणींच्या अंधारात गँडाल्फ आणि फ्रोडो याच दयेबद्दल बोलतात. पहिल्यांदा बघताना तो संवाद कानाआड होतो. दुसऱ्यांदा बघताना कळतं की सगळी गोष्ट त्या एका बोलण्यावर टांगलेली आहे.

पटकथेचा एक दोष मात्र इथे सांगायलाच हवा. तिसऱ्या भागात डोंगराच्या पायऱ्या चढताना गॉलमचं ऐकून फ्रोडो सॅमला घरी जायला सांगतो, ते पुस्तकात नाही आणि पटतही नाही. सॅम कुठे जाणार होता? उगाच घातलेलं भांडण आहे ते.

मला परीकथा, राक्षस वगैरे आवडत नाही. तरी बघू का?

याचं उत्तर माझ्या आईने दिलं. दोन वर्षांपूर्वी दुसरा भाग लागलेला असताना ती बाजूला मटार सोलत बसली होती. पडद्याकडे लक्ष नव्हतं. रोहानचा राजा थेओडेन शुद्धीवर येतो आणि मग त्याला कळतं की मधल्या काळात तरणा मुलगा गेला. गावाबाहेर मुलाच्या थडग्यापाशी तो उभा राहतो, हातात एक पांढरं फूल असतं. आईबापांवर पोटच्या पोराला पुरायची वेळ येऊ नये, असं म्हणतो आणि गुडघ्यांवर कोसळतो. आईचे हात थांबले. शेंग अर्धी उघडलेली तशीच हातात. प्रसंग संपला तरी ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात विचारलं, "त्या राजाचं पुढे काय झालं गं?"

तो विचार संवादात आला तो थेओडेन साकारणाऱ्या बर्नार्ड हिल यांच्यामुळे. मूल गमावलेल्या एका आईकडून त्यांनी तो ऐकला होता. हिल २०२४ मध्ये गेले. त्यानंतर आमच्याकडे तो प्रसंग लागला की कोणी बोलत नाही.

तिसऱ्या भागाचे शेवट संपतच नाहीत. एवढे कशाला?

थिएटरात तीन तास बसल्यावर मलाही तसंच वाटलं होतं. पडदा काळा झाला की लोक उठायचे आणि पुन्हा बसायचे. घरी बघताना तक्रार उरत नाही, कारण मला वाटतं त्रयीतली सगळ्यात खरी वीसेक मिनिटं तीच आहेत.

चौघे हॉबिट गावी परततात आणि ग्रीन ड्रॅगन नावाच्या गुत्त्यात बसतात. आजूबाजूला गलका आहे. कोणीतरी आणलेल्या भल्या मोठ्या भोपळ्याचं सगळ्यांना कौतुक आहे. जग वाचवून आलेल्या या चौघांकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. ते एकमेकांकडे बघतात, पेले उचलतात, आणि एक शब्द बोलत नाहीत. बोलणार काय आणि कोणाशी? युद्धावरून, दंगलीतून, मोठ्या आजारपणातून परतलेला माणूस आपल्याच गल्लीत असा परका बसलेला मी पाहिला आहे.

फ्रोडोची जखम चार वर्षांनीही दुखते. ती बरी होत नाही, आणि चित्रपट तिला बरी करण्याचा खोटेपणा करत नाही. युद्ध संपेपर्यंत टॉल्किन यांचे एक सोडून सगळे जिवलग मित्र गेलेले होते. हे ठाऊक असलं की फ्रोडो कायमचा निघून जातो ते ग्रे हेवन्सच्या धक्क्यावरचं जहाज वेगळं दिसतं.

पुस्तकात याआधी आणखी एक प्रकरण आहे: हॉबिट परततात तेव्हा शायरची नासाडी झालेली असते आणि तिथेही लढावं लागतं. चित्रपटाने ते गाळलं. मला त्याची हळहळ वाटते, पण आणखी अर्धा तास प्रेक्षकांनी सोसला नसता हेही कळतं.

स्त्रियांना काही काम आहे का?

फार कमी. पुस्तकातून आलेली ही उणीव चित्रपटाने थोडी भरून काढायचा प्रयत्न केला. अ‍ॅरागॉर्नची प्रेयसी आर्वेन हिच्या वाट्याला प्रवास दिला. तिला हेल्म्स डीपच्या लढाईतही उतरवलं होतं, काही चित्रीकरणही झालं होतं, मग ते काढून टाकलं. ते बरं झालं, पण त्यानंतर तिच्या हातात झुरण्यापलीकडे काही उरलं नाही.

एओविन मात्र वयाबरोबर मोठी होत जाते. मिरांडा ओट्टो यांनी तिला फक्त शूर केलेलं नाही. ती आजारी मामाचं सगळं करणारी मुलगी आहे. घरातले पुरुष लढायला जातात आणि मागे तिने थांबायचं, हे गृहीत धरलेलं. दरबारातला कपटी सल्लागार वर्मटंग याची नजर सतत तिच्या अंगावर. ती अ‍ॅरागॉर्नला सांगते की आपल्याला मरणाचं भय नाही, पिंजऱ्याचं आहे; तेव्हा आमच्या बैठकीतल्या बायका एकमेकींकडे बघतात. विच-किंगसमोर ती शिरस्त्राण काढते तेव्हा तिचे हात थरथरत असतात, म्हणूनच तो क्षण खरा वाटतो.

शत्रू सगळे काळे आणि पूर्वेचे, हे आपल्याला खटकत नाही का?

खटकतं, आणि खटकायलाच हवं. हत्तींवर बसून, चेहरे झाकून, डोळ्यांत काजळ घालून दक्षिणेकडून येणारी हाराद्रिम फौज बघताना आपण कोणत्या बाजूला बसलोय हा प्रश्न भारतीय प्रेक्षकाच्या मनात आल्याशिवाय राहत नाही. गेल्या वर्षी माझ्या भाच्याने सरळ विचारलं, "हत्तीवाले वाईट का आहेत?" माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं. मूळ पुस्तकातच हे आहे आणि वेशभूषेने ते आणखी गडद केलं.

एक प्रसंग मात्र दाखवते. दुसऱ्या भागाच्या विस्तारित आवृत्तीत फारामीर मरून पडलेल्या हाराद्रिम शिपायाकडे बघतो: याचं नाव काय असेल, हा कुठून आला, खरंच मनाने दुष्ट होता की कोणाच्या धमक्यांनी घरापासून इतक्या लांब आला? पुस्तकात हा विचार सॅमचा आहे. तो थिएटरच्या आवृत्तीत हवा होता. नऊ तासांत या बाजूच्या माणसाकडे माणूस म्हणून बघायला एक मिनिटसुद्धा काढू नये?

अंगठी घेऊन गरुडांवर बसून सरळ ज्वालामुखीपर्यंत जाता आलं नसतं का?

नसतं. सॉरनचा डोळा जागा आहे आणि त्याचे सेवक नाझगूल उडत्या पशूंवर बसून आभाळात आहेत. अशा वेळी गरुड लांबूनच दिसले असते. फ्रोडो आणि सॅमला उचलायला ते येतात ते अंगठी नष्ट झाल्यावर. चित्रपटाने हे एका वाक्यात सांगून टाकायला हवं होतं, एवढं मान्य.

एकच प्रसंग दाखवायचा झाला तर कोणता दाखवाल?

डेनेथॉरचं जेवण. धाकट्या मुलाला, फारामीरला, त्याने जवळजवळ मरायलाच पाठवलंय, आणि स्वतः ताटावर बसलाय. पिपिनला म्हणतो, गाणं म्हण. पिपिन म्हणतो की आमच्याकडची गाणी असल्या दरबारात शोभणारी नाहीत. तरी म्हणायला लागतो. आवाज कोवळा, साथीला काही नाही. इकडे डेनेथॉरच्या दातांखाली छोटा टोमॅटो फुटतो आणि लाल रस हनुवटीवर ओघळतो. तिकडे घोडेस्वार ओस्गिलिअथकडे दौडतायत आणि धनुष्यं ताणली जातायत. एका थेंबाखेरीज रक्त दाखवलेलं नाही, आणि तो थेंबही टोमॅटोचा. गाण्याचे शब्द टॉल्किन यांचे, चाल पिपिन झालेल्या बिली बॉइड यांनी स्वतः बांधली. शेवटची ओळ संपते तेव्हा त्याच्या डोळ्यांतून पाणी येत असतं.

संगीताकडे वेगळं लक्ष द्यावं का?

जरूर. हॉवर्ड शोअर यांनी प्रत्येक लोकसमूहाला, जागेला, वस्तूला आपापली धून दिली आहे. नऊ जणांच्या मंडळाची धून पूर्ण भरात वाजते ती सगळे एकत्र निघतात तेव्हा. मंडळ फुटत जातं तशी तीही फुटते. रोहानची धून हार्डेंजर फिडल या नॉर्वेच्या वाद्यावर आहे, त्यामुळे तिला एक करकरीत, वाऱ्यातला आवाज आहे. शायरची धून कुठे कुठे, किती दमलेल्या सुरात परत येते ते मोजत बसा. एका वर्षी मी नुसतं तेवढंच केलं होतं.

मूळ पुस्तक मराठीत वाचता येईल का?

येईल. मुग्धा कर्णिक यांनी 'स्वामी मुद्रिकांचा' या नावाने तिन्ही खंडांचा अनुवाद केला आहे. चित्रपट आवडला आणि इंग्रजीतली जुन्या वळणाची वाक्यं जड जात असतील, तर तिथून सुरुवात करा. टॉम बॉम्बाडिल हे गाणारं, अंगठीला न जुमानणारं पात्र तिथेच भेटेल. चित्रपटात तो नाही. फारामीरही तिथे जास्त मोठ्या मनाचा आहे. चित्रपटातला फारामीर आधी मोहात पडतो आणि मग सावरतो, पुस्तकातला पडतच नाही.

मुलांना कितव्या वर्षी दाखवावेत?

आमच्या अनुभवाने दहा-अकराच्या आधी नको. मुलांना लढाया सोसतात, पण शेलॉब ही कोळीण सोसत नाही. तिसऱ्या भागात कापलेली मुंडकी तटाच्या आत फेकतात, तेवढं पुढे सरकवा. मधे थांबून बोलू द्या.

टीव्हीवर बघताना काही काळजी?

टीव्हीच्या सेटिंगमधलं मोशन स्मूदिंग बंद करा. ते चालू असलं की सगळा चित्रपट मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो आणि दोष चित्रपटाच्या माथी येतो. रंगांबद्दल सांगायचं तर २०११ च्या ब्ल्यू-रेवर विस्तारित पहिल्या भागाला हिरवट झाक होती. २०२० च्या फोर-के आवृत्तीत ती नाही, पण काही चेहरे जरा जास्तच घासूनपुसून काढलेत. रात्रीचे प्रसंग पुष्कळ आहेत, खोलीतले दिवे घालवा.

'हॉबिट'चे तीन चित्रपटही बघू का?

मन मोठं असेल तर पहिला बघा. १९३७ चं एक छोटं, हसरं पुस्तक २०१२ ते २०१४ मध्ये तीन चित्रपटांएवढं ताणलं. आधीचे दिग्दर्शक गियेर्मो देल तोरो २०१० मध्ये बाजूला झाले आणि जॅक्सन यांना तयारीला पुरेसा वेळच मिळाला नाही. ज्या हातकामाचं वर इतकं कौतुक केलं, त्याला लागतो तो वेळच.

एका दिवसात तिन्ही बघता येतील?

येतील, पण करू नका. आम्ही एका ३१ डिसेंबरला केलं होतं. सकाळी आठला बसलो आणि ग्रे हेवन्स आलं तेव्हा निम्मे लोक पेंगत होते, उरलेले रिकाम्या ताटल्या आवरत होते. ज्या वीस मिनिटांसाठी हे सगळं बघायचं, तीच वाया गेली. तेव्हापासून तीन शनिवार.

शेवटची श्रेयनामावली बघायची का?

हो, तिसऱ्या भागाची तरी नक्की. ॲनी लेनॉक्स यांचं गाणं सुरू होतं आणि ॲलन ली यांनी पेन्सिलने काढलेली नटांची रेखाचित्रं एकेक करून येतात. कर्करोगाने अगदी कोवळ्या वयात गेलेल्या न्यूझीलंडच्या एका होतकरू चित्रपटकर्त्याची आठवण त्या गाण्यामागे आहे. आई आता हा भाग बघायला मुद्दाम बाहेर येऊन बसते, आणि थेओडेनचं चित्र आलं की मला खुणेने दाखवते.